ग्वाल्हेरात घडलेलं बर्फाचं पातं

जगताप काकांच्या टेबलामागच्या भिंतीवर ओळीने खिळे ठोकलेले होते आणि प्रत्येक खिळ्याला एक पुरचुंडी टांगलेली होती. कुठली रुमालाची, कुठली जुन्या साडीच्या तुकड्याची, एक तर चक्क लहान मुलाच्या मोज्यात बांधलेली. प्रत्येकीला चिठ्ठी: डबरा, रामसेवक. भितरवार, मास्तरीण बाई. मी नोकरीसाठी पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हा मला वाटलं, नवसाच्या असतील.

"नवस नाही हो, नाडी आहे," काका म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या शेताची नाडी. माती आहे ती."

ग्वाल्हेरला शिंदे की छावनीत आमचं शेतीच्या औजारांचं दुकान. ट्रॅक्टरला मागे-पुढे जे काही जोडता येतं ते सगळं तिथे मिळायचं: नांगर, रोटाव्हेटर, ट्रॉली. मालक सेठजी पुढे गल्ल्यावर बसत. काका मागे. कुठल्या ट्रॅक्टरला कुठलं औजार जोडायचं हे ठरवणं एवढंच काकांचं काम, आणि ते काम त्यांनी इतकं मोठं करून ठेवलं होतं की सेठजीसुद्धा मध्ये बोलताना आधी खाकरत.

काकांचा नियम एकच. "आधी माती आणा, मग औजार बघू." माणूस दारात ट्रॅक्टर उभा करून, खिसा भरून आला तरी हेच. मग तो चिडचिड करत गावी जायचा आणि मूठभर माती बांधून आणायचा. काका ती तळहातावर घेत, दोन थेंब पाणी टाकून मळत, अंगठ्याने दाबत, कधी जिभेला लावत. एकदा माती फार चिकट निघाली म्हणून एका तगड्या शेतकऱ्याला त्यांनी त्याने मागितला त्याहून लहान रोटाव्हेटर दिला. सेठजी आतल्या आत जळत होते. शेतकरीही नाराज. "अरे, जास्त पैसा देतोय मी, छोटा का घेऊ?" काका म्हणाले, "भैया, ट्रॅक्टर तुमचा आहे, पण कंबर त्याची आहे." पुढच्या हंगामात तोच माणूस दोन शेजाऱ्यांना घेऊन आला, तिघांच्या हातात पुरचुंड्या.

मी ग्वाल्हेरच्याच माधवगंजची. माझे वडील तिथे कपड्यांना इस्त्री करायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, बी.एस्सी. झाले, आणि हे मी कुठेही सांगते. मला त्याचा संकोच नाही. पहिल्याच दिवशी मी ते काकांनाही सांगितलं. काकांनी चष्म्यावरून पाहिलं, शेजारची खुर्ची पुसली आणि म्हणाले, "बसा, ग्रॅज्युएट." तेव्हापासून मी ग्रॅज्युएटच. आधी राग यायचा. नंतर कळलं, ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ते म्हणतात. "थांबा, ग्रॅज्युएटना विचारतो." यात थट्टा थोडी होती आणि मिरवणं जास्त.

काका स्वतः दहावीच्या पुढे गेले नव्हते. "आमचे पणजोबा शिंद्यांच्या फौजेत तलवार घेऊन आले, आणि मी पाना घेऊन बसलोय," असं ते नव्या माणसाला हमखास सांगत. पण दुकानात येण्याआधीची दहा वर्षं त्यांनी बिड़ला नगरच्या मिलमध्ये काढली होती, ती ते कोणाला फारशी सांगत नसत. मिल बंद पडली तेव्हाचा काही सल असावा. मला ते कळलं ते बर्फामुळे.

ग्वाल्हेरात बर्फ कुठून? तेच सांगते.

मे महिन्यातली दुपार. गरम वाऱ्याची लू अशी चालली होती की शटर अर्धं खाली. दुकानाचा फोन वाजला, मी उचलला. पलीकडे एक बाई, हिंदी थोडं थांबत थांबत. नाव डोल्मा. हिमाचलच्या वरच्या अंगाला एका गावात आरोग्य केंद्रात नर्स. त्यांच्या गावाला कोणी बागवाल्याने आपला जुना छोटा ट्रॅक्टर दिला होता, त्याच्यासोबत आमच्या दुकानाची ट्रॉली, आणि ट्रॉलीच्या पाठीवर आमचा नंबर रंगवलेला.

"बर्फ हटाने के लिए आगे कुछ लगता है, वो आप बनाते हैं?"

मी हसणारच होते. काकांनी हात पुढे केला. फोन त्यांच्याकडे दिला.

केंद्रापासून मोठ्या रस्त्यापर्यंत एक खडीची वाट आहे, डोल्माने सांगितलं. एका बाजूला घरांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला उतार. हिवाळ्यात वाट बुजते. मोठ्या रस्त्यावरचा बर्फ सरकारी यंत्र काढतं, ते वाटेत शिरत नाही. मग आजारी माणसाला चौघांनी पाठीवर वाहून न्यायचं. मागच्या जानेवारीत कळा सुरू झालेल्या एका बाईला असंच नेलं. बाई वाचली, मूल नाही.

काका म्हणाले, "बेटा, गाड़ी चलाएगा कौन?"

"मैं."

"अच्छा. और सामान कब तक चाहिए?"

"अक्टूबर तक. उसके बाद मैदान से ट्रक ऊपर नहीं आते. गलत आया तो फिर पूरी सर्दी कुछ नहीं हो सकता, अंकल जी."

हे शेवटचं वाक्य काकांनी मला वहीत लिहून घ्यायला लावलं. वही उघडी ठेवून त्यांनी ती माझ्या टेबलावर अशी ठेवली की येता-जाता दिसावी.

सेठजींचा निकाल पाच मिनिटांत झाला. बर्फ गिळून लांब फेकणारं एक यंत्र परदेशी कंपनीच्या कॅटलॉगात होतं, चकचकीत, महाग. "हेच पाठवा. एकदम पॉवरफुल." कॅटलॉग इंग्रजीत. काका म्हणाले, "वाचा, ग्रॅज्युएट. बारीक अक्षरातलं आधी."

मी वाचत गेले, ते कागदावर चौकोन काढत गेले. फेकणाऱ्या यंत्रासाठी ट्रॅक्टर अगदी मुंगीच्या चालीने न्यावा लागतो. आमच्या त्या छोट्या ट्रॅक्टरचा पहिला गिअरसुद्धा त्याहून वेगात. शिवाय वाट खडीची. "बर्फाबरोबर खडी उचलणार आणि दवाखान्याच्या काचेवर मारणार," काकांनी त्या चौकोनावर फुली मारली. गोल ब्रश होता, पण तो बोटभर बर्फाला ठीक. पुढे लावायचं सुपडं होतं, भरा आणि ओता. "त्या सुपड्याने वाट साफ होईपर्यंत बाळाचं बारसं होईल." राहिलं पातं. नुसतं पुढे लावलेलं लोखंडी पातं, तिरकं करता येणारं, म्हणजे बर्फ भिंतीकडे न जाता उताराकडे सरकेल. मागे लावायचं पातंही मिळतं, स्वस्त. पण तसं लावलं तर चाकं आधी बर्फ तुडवतात, आणि डोल्माला दिवसभर मान वळवून बसावं लागणार.

"बस. पुढे, तिरकं, स्प्रिंगवालं. खाली दगड लागला तर झुकेल, मोडणार नाही. खाली दोन लोखंडी बूट, म्हणजे खडीवरून घसरेल, खडी उकरणार नाही. मागे वजन. चाकांना साखळ्या."

सेठजी खाकरले. "जगतापजी, आपने बर्फ देखी है कभी?"

"फ्रीजमध्ये," काका म्हणाले.

इथे काकांची चूक झाली. आयुष्यभर लोकांना माती आणायला लावणारा माणूस बर्फाच्या बाबतीत घाईत पडला. बिड़ला नगरला आमचं वर्कशॉप होतं, तिथे पंधरा दिवसांत पहिलं पातं तयार झालं, सरळ, जाड, तोफेच्या गाड्याला शोभेल असं. बर्फ कुठून आणणार? काकांनी बर्फाच्या कारखान्यातून ट्रॉलीभर लाद्या आणल्या आणि फोडून, ठेचून अंगणात पसरल्या. जून महिना. सगळी वस्ती लोटली. बायका पातेली घेऊन आल्या, एका गोळेवाल्याने तर शेजारी गाडीच लावली आणि लाल-हिरवं सरबत ओतून काकांचा बर्फ काकांनाच विकला. पातं मात्र अप्रतिम चाललं. अंगण एका फेरीत साफ. टाळ्या. मी व्हिडिओ काढला, डोल्माला पाठवला.

दुसऱ्या दिवशी तिचा आवाज आला, हसू दाबत. "अंकल जी, ये तो गोले वाली बर्फ है. हमारी ऐसी नहीं होती. पहले दिन फूँक मारो तो उड़ती है. दोपहर में धूप लगी तो जूते में चिपकती है. तीन दिन पड़ी रही तो आदमी का वज़न उठा लेती है."

सेठजींनी ते दोनदा ऐकलं आणि दोन्हीदा हसले. "मँगवाऊँ वो मशीन?"

दोन दिवस त्यांनी मला ग्रॅज्युएट म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीसमोर उभे राहून, पुरचुंड्यांकडे बघत म्हणाले, "माती न बघता औजार केलं मी. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा." मग खुर्चीत बसले. "फोन लावा."

डोल्माला त्यांनी विचारलं, आता कुठे थोडा बर्फ सापडेल का? ती म्हणाली, नाल्याच्या सावलीत जुना असतो.

"जाओ. मुट्ठी में लेना. दबाना. लड्डू बँधता है या रवे की तरह बिखरता है, ये बताना. और लड्डू बँधे तो हथेली से छूटता है कि नहीं."

ती गेली. नाल्यातून फोन केला, वारा ऐकू येत होता. "बँधता है. छूटता नहीं, हाथ में ही रह जाता है."

"और ताज़ा वाला, याद करके बताओ, किसके जैसा?"

"रुई, अंकल जी. धुनी हुई रुई."

काकांनी डोळे मिटले. मला वाटलं उन्हाने चक्कर आली.

"ग्रॅज्युएट," ते म्हणाले, "दहा वर्षं मी कापूसच ढकललाय."

मिलमध्ये ज्या खोलीत गाठी फोडून कापूस पिंजला जायचा तिथे काका लागले होते. कमरेएवढे ढीग, आणि ते पुढच्या यंत्राकडे लोटायला पत्रे. त्या दिवशी पहिल्यांदा ते मिलबद्दल मोकळेपणाने बोलले. उभे राहून, दोन्ही हातांनी दाखवत. "सरळ पत्रा लावला की कापूस चढत चढत डोक्यावरून मागे पडतो. मग आपलीच वाट आपण बुजवतो. आमचा एक जोडीदार होता, त्याने पत्रा पोटाशी वाकवला. असा. मग कापूस स्वतःच गुंडाळत जायचा, गालिच्यासारखा. आणि थोडा तिरका धरला की बाजूला. मेलं, हे माझ्या हातात होतं आणि मी लादी फोडत बसलो!"

पातं नव्याने घडलं. उंच, पोटाशी वाकवलेलं, वरची कड पुढे झुकलेली. राहिला प्रश्न चिकटण्याचा. तो दुकानात सुटला नाही, काकांच्या घरी सुटला. मी हिशेबाचे कागद द्यायला गेले होते. काकू बेसनाचे लाडू वळत होत्या आणि काका त्यांना गेला महिनाभर जे सगळ्यांना सांगत होते तेच सांगत होते, की मूठ वळते पण हाताला चिकटते, लोखंडालाही चिकटणार, वजन वाढणार.

काकू वर न बघता म्हणाल्या, "मग हाताला तूप लावायचं. मी काय करते?"

काका माझ्याकडे बघत राहिले. मी काकांकडे.

"तूप कसं लावू मी लोखंडाला?"

"ते तुमचं तुम्ही बघा. सगळं मीच सांगू?"

पात्याच्या तोंडावर जाड, गुळगुळीत प्लास्टिकचा पत्रा बोल्टांनी बसला. वर्कशॉपमधल्या पोरांनी त्याचं नाव तूप ठेवलं. "तूप आवळलंय का?" "आवळलंय, काका!"

मग काकांनी मला ट्रॅक्टरवर बसवलं. मी सायकलशिवाय काही चालवलेलं नव्हतं. "पातं वर उचला." मी दांडा ओढला, हलेना. दोन्ही हात लावले. काका वेल्डरकडे वळले. "दांडा लांब करा. ह्यांनी एका हाताने उचलला पाहिजे. वर ती पोरगी एकटी असणार, एक हात स्टिअरिंगवर." तीनदा बदलला दांडा. चौथ्यांदा माझ्या डाव्या हाताने उचलला गेला, तेव्हाच त्यांनी रंग द्यायला परवानगी दिली. रंग भगवा. "पांढऱ्यात हरवायला नको."

सप्टेंबरअखेर चाचणी झाली. या वेळी काकांनी शहरातल्या गादीवाल्यांकडून कापूस मागवला, जुना, नवा, पिंजलेला, आणि अंगणात गुडघाभर पसरला. एका पट्ट्यात कोरडा, दुसऱ्यात पाणी मारलेला, तिसऱ्यात पाणी मारून पोरांकडून तुडवून घेतलेला. म्हणजे पहिल्या दिवसाचा, दुपारचा आणि तीन दिवसांचा बर्फ. बिड़ला नगरच्या जुन्या क्वार्टरांतून म्हातारे बाहेर आले, मिलचेच सगळे. इतक्या वर्षांनी एवढा कापूस एका जागी बघून ते भिंतीला टेकून उभे राहिले. कोणी हसलं नाही. एकाने वाकून मूठभर उचलला, तंतू ओढून लांबी पाहिली आणि म्हणाला, "जगताप, स्टेपल छोटा है." काका म्हणाले, "बर्फ है यार, कपड़ा नहीं बुनना."

ट्रॅक्टर सुरू झाला. पहिल्या पट्ट्यात कापूस पात्याच्या पोटात शिरला, वर चढला, पुढे वळला आणि गुंडाळत उजवीकडे पडत गेला. मागे फरशी कोरी. दुसऱ्या पट्ट्यातही तसंच, तुपाला एक पुंजका चिकटला नाही. तिसऱ्यात काकांनी मुद्दाम एक वीट लपवली होती. पातं विटेला लागलं, झुकलं, वरून गेलं, पुन्हा ताठ झालं. म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी शिट्टी मारली, मिलची पाळी सुटल्यासारखी लांब. मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. सेठजींनीही. काकांचे केस, भुवया, मिशा कापसाने पांढऱ्या झाल्या होत्या.

पातं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रकने गेलं, साखळ्या आणि मागच्या वजनासकट, आणि सोबत काकांनी बोलून माझ्याकडून लिहून घेतलेली चार पानं. शेवटचं वाक्य त्यांचंच: "बेटा, पाते को बर्फ से डर नहीं लगता, तुम भी मत डरना."

डिसेंबर गेला. वर जाणारे ट्रक केव्हाच थांबले होते. फोन लागेना. काका रोज सकाळी टोपी काढायच्या आधी विचारत, "आलं काही?" मी नाही म्हणायचे. मग दिवसभर ते गिऱ्हाइकाची माती जरा जास्तच वेळ दाबत बसत. टीव्हीवर पहाडातला बर्फ दाखवला की सगळ्यांना गप्प करत आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन रस्त्याच्या कडा बघत.

संक्रांतीनंतर चार दिवसांनी सकाळी माझा फोन वाजला. व्हिडिओ होता. पांढरं, सगळं पांढरं, आणि त्यात आमचं भगवं पातं येतंय. बर्फ पोटात शिरतोय, वळतोय, गालिच्यासारखा गुंडाळत उताराकडे जातोय. वर डोल्मा, एक हात स्टिअरिंगवर. सोबत तिचा निरोप, तिच्याच आवाजात: "अंकल जी, आज सुबह एम्बुलेंस दरवाज़े तक आई. दरवाज़े तक! उसी औरत को ले गई जिसका मैंने बताया था. अभी नीचे से खबर आई, लड़की हुई है. दोनों ठीक हैं."

सेठजींनी "जय हो!" अशी आरोळी ठोकली की समोरचा पानवाला धावत आला. माझे डोळे भरले होते, लपवत नाही. काकांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा. तिसऱ्यांदा. मला वाटलं, बर्फ बघतायत.

"उजवा बूट जास्त घासतोय," ते म्हणाले. "तिला सांगा, बुटाच्या बोल्टात दोन चकत्या टाक." आणि मग उठून गेले. परत आले ते तिळाच्या गजकचे डबे घेऊन, दोन्ही काखेत मावतील तेवढे. येईल त्याला गजक. "कशाबद्दल, जगतापजी?" "मुलगी झाली." "तुमच्याकडे?" "हो, आमच्याकडेच."

सेठजींनी आठवड्याच्या आत दुकानावर नवी पाटी रंगवून घेतली: यहाँ बर्फ हटाने का सामान मिलता है. मे महिन्यात लू चालू असताना त्या पाटीखाली उभं राहून लोक फोटो काढत. हसत. पण पहाडातून आणखी तीन गावांचे फोन आले तेव्हा सेठजींनी तोच फोटो फ्रेम करून गल्ल्यामागे लावला.

काका आता नाहीत. त्यांच्या खुर्चीवर आज मी बसते, आणि माती आणल्याशिवाय मी कोणालाही औजार देत नाही. पण मला ते आठवतात ते खुर्चीतले नव्हेत. त्याच वर्षी मार्च संपता संपता डोल्माचा निरोप आला, रस्ता उघडलाय, वाटेवर अजून बर्फ आहे, या. मी त्यांना स्टेशनवर पोचवायला गेले. ग्वाल्हेर तापायला लागलं होतं, प्लॅटफॉर्मवर लोक वर्तमानपत्राने वारा घेत होते, आणि काका माकडटोपी, मफलर, दोन स्वेटर घालून घामाने निथळत उभे. काकू शेजारी, पिशवीत बेसनाचे लाडू.

"अहो, आत्तापासून कशाला टोपी?" काकू म्हणाल्या.

"सवय नको का व्हायला?"

शेजारच्या बाकावरच्या एका माणसाने विचारलं, "अंकल जी, इतनी गर्मी में कहाँ चले?"

गाडी हलली. काका दारात उभे राहिले, टोपीतून फक्त मिशा आणि चष्मा दिसत होता. त्यांनी हात वर केला. हातात धुतलेला, घडी घातलेला कोरा रुमाल होता.

"ग्राहक की मिट्टी देखने!" ते ओरडले.